आयोडीन

हॅलोजन गटातील अधातू मूलद्रव्य. अणुक्रमांक ५३, अणुभार १२६.९०. स्फटिक काळसर करडे व चकाकणारे. मंद उष्णतेनेही त्यांची जांभळी वाफ होते. पाण्यात फारसे विरघळत नाही, अल्कोहोलात सहज विरघळते. पिष्टाशी संयोग होऊन गडद निळा रंग येतो. बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाकला तरी तो दिसतो.

१८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांनी समुद्रशैवालाच्या राखेवर गंधकाम्लाची क्रिया केली, तेव्हा हे मूलद्रव्य प्रथम हाती लागले.

जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन चांगलेच झोंबते. आज त्याची जागा बहुतांशी पोव्हिडोन-आयोडीनने घेतली आहे. पण आयोडीनचे खरे महत्त्व अवटू ग्रंथीत आहे. तिची संप्रेरके आयोडीनविना तयार होत नाहीत. प्रौढाची रोजची गरज जेमतेम १५० मायक्रोग्रॅम. तरी ती भागली नाही तर गलगंड होतो, आणि गर्भवतीला तीव्र कमतरता असल्यास बाळाची बौद्धिक वाढ खुंटते. हिमालयाच्या पायथ्याशी जमीनच आयोडीनला पारखी असल्याने गलगंड पूर्वापार होता. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन त्याचे प्रमाण घटल्याचे दाखवले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दमट हवेत आयोडाइड टिकत नाही, म्हणून भारतात मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात.

किरणोत्सारी आयोडीन-१३१ (अर्धायुष्य सुमारे ८ दिवस) अवटूच्या अतिक्रियाशीलतेवर व काही कर्करोगांवर देतात. गर्भारपणात मात्र ते वर्ज्य आहे.