ॲलिसवरचा अंगठ्यांचा आळ

21 जून 1377. लंडनजवळच्या शीनच्या राजवाड्यात इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड अखेरच्या घटका मोजत पडलेला. उशाशी त्याची प्रेयसी ॲलिस पेरर्स. राजाची वाचा बसल्याचं दिसताच ती त्याच्या बोटांतल्या अंगठ्या उतरवते आणि चालू लागते.

ॲलिसवर कादंबरी लिहायला बसणाऱ्याला हा प्रसंग टाळणं अवघड. पण तो सांगतो कोण? सेंट ऑल्बन्स मठाचा बखरकार टॉमस वॉल्सिंगहॅम. ऑक्सी इथल्या जमिनीवरून याच मठाचा ॲलिसशी वाद होता. जमिनीचा दावा चालू असताना भावकीनं लिहिलेल्या चरित्रावर आपण जितका भरवसा ठेवू, तितकाच इथे ठेवावा. बाई दिसायला सामान्य, गवताची छपरं शाकारणाऱ्याची पोर, असं तो लिहितो. मग राजा भुलला कसा? तर एका धर्मबंधूनं केलेल्या मेणाच्या बाहुल्या आणि जडीबुटीच्या रसामुळे! त्या मांत्रिकाला पकडायला दोन सरदार रोगी बनून, हातात लघवीच्या बाटल्या घेऊन गेले, हेही तोच सांगतो. कादंबरीकाराला आयता मसाला.

ॲलिस साधी नव्हती, हे खरंच. फिलिपा राणीच्या दासींतली ती राजाची प्रेयसी झाली. 1369 साली राणी वारली आणि 1373 मध्ये राणीचे दागिने राजानं हिला दिले. 1375 साली स्मिथफील्डच्या सामन्यांना ती ‘सूर्यदेवी’ बनून मिरवत गेली. पुढच्याच वर्षी संसदेनं तिचं नाव घेऊन हुकूम काढला: राजाच्या न्यायालयांत बायकांनी लुडबुड करायची नाही. एवढ्यात आणखी एक बातमी फुटली. बाईनं विल्यम विंडसरशी गुपचूप लग्नही उरकलं होतं.

तिच्या ताब्यात 50 हून अधिक जमीनदाऱ्या होत्या. त्यांतल्या थोड्याच राजानं बहाल केलेल्या. बाकीच्या तिनं स्वतः व्यवहार करून मिळवल्या. हीच खरी गोष्ट, आणि रंगवायला सगळ्यात कठीणही. मोहिनी घालणारी बाई कागदावर उतरवणं सोपं. गहाणखतं वाचणारी बाई उतरवायला लेखकाला कष्ट पडतात.

ॲलिसच्या उलट उदाहरण म्हणजे ॲन्या सीटनची ‘कॅथरिन’ ही 1954 ची कादंबरी. तिची नायिका कॅथरिन स्विनफर्ड हीसुद्धा राजपुत्राचं अंगवस्त्रच, एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट याचं. पण 1396 मध्ये त्यानं तिच्याशी लग्न केलं, मुलांना औरसपणा मिळाला आणि त्यांच्याच वंशात पुढे ट्यूडर राजे झाले. म्हणून कॅथरिन नायिका आणि ॲलिस खलनायिका! वारस गादीवर बसले की जुनी लफडी प्रेमकथा होतात.

पुढे इतिहासकार मार्क ऑर्मरॉड यांनी दप्तरं चाळली. ‘पेरर्स’ हे ॲलिसचं माहेरचं नव्हे, पहिल्या नवऱ्याचं आडनाव आणि माहेर सॉल्सबरींचं, असा निष्कर्ष त्यांनी 2006 च्या सुमारास मांडला. त्यानंतर एमा कॅम्पियन (2009), व्हॅनोरा बेनेट (2010) आणि ॲन ओब्रायन (2012) यांच्या कादंबऱ्या आल्या. ॲलिस आता नायिका झाली. ओब्रायनची ॲलिस आपली कहाणी स्वतःच सांगते. तिथे राणीच तिला राजासाठी निवडते. यात लेखिकेनं दोष जरा जास्तच धुऊन काढलाय. आधीची ॲलिस निव्वळ हावरट होती, ही फारच बिचारी वाटते. हिशेबाला पक्की, कोर्टात भांडणारी बाई दोन्हीकडे निसटते.

ती बाई भेटते तिच्या मृत्युपत्रात. 1400 साली अपमिन्स्टरला केलेल्या त्या कागदात विंडसर या नवऱ्याच्या पुतण्यानं बळकावलेल्या जमिनींवर त्याचा कधीच हक्क नव्हता, असं तिनं आत्म्याची शपथ घेऊन बजावलंय आणि त्या जमिनी दोन्ही मुलींच्या नावे केल्यात. राजाच्या अंगठ्यांचा त्यात उल्लेख नाही.