पिवळ्या फुलांचा खटला

मामा सत्तरच्या दशकात मॉन्ट्रियलला गेले ते अकोल्याकडच्या कपाशीच्या रानातून; मध्ये काय ते नागपूरचं इंजिनिअरिंग कॉलेज. निंदणीचा त्यांना लहानपणापासून तिटकारा. तिकडे घर घेतलं, तर पहिल्याच मे महिन्यात पुढच्या हिरवळीत डँडेलायनची पिवळी फुलं डोलू लागली. मामींना ती आवडली. शेजारची इटालियन आजी कोवळी पानं खुडून भाजी करते हे पाहून त्यांनीही लसणाची फोडणी देऊन पाहिली. मामांना मात्र घाम फुटला. साऱ्या गल्लीत एकच देशी घर आणि तण नेमकं त्याच्याच दारात! 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न सामानाबरोबर विमानातून आलाच होता. दर वसंतात कंपनीचा ट्रक दारी येऊ लागला. फवारा मारून झाला की माणूस गवतात एक पाटी खोचून जाई : मुलांना आणि कुत्र्यांना इथे सोडू नका.

मामी हिवाळ्यात पुण्याला आल्या की हडसनची गोष्ट सांगत, आणि मामा मध्येमध्ये तोंड घालत. हडसन हे मॉन्ट्रियलच्या पश्चिमेचं, ओटावा नदीकाठचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. तिथे डॉ. जून आयर्विन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञ होत्या. रुग्णांच्या तक्रारींचं मूळ हिरवळीवरच्या औषधांत आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. 1985 पासून त्या नगरपरिषदेच्या सभांना जाऊन बसू लागल्या. महिन्यामागून महिने उठायचं, लिहून आणलेलं वाचायचं, प्रश्न विचारायचे. 'सभेतले लोक कंटाळून आढ्याकडे बघत असतील,' असं मामा म्हणत. असतीलही. पण चिकाटीच्या माणसाचा कंटाळा येणं ही त्याच्या विजयाची पहिली पायरी असते, असं मला आपलं वाटतं.

मे 1991 मध्ये परिषदेने उपविधी क्रमांक 270 मंजूर केला. शेतकऱ्यांना मुभा राहिली, गोल्फच्या मैदानांना पाच वर्षांची सवलत मिळाली. निव्वळ शोभेसाठीची फवारणी मात्र बंद. पुढच्याच वर्षी नियम मोडल्याबद्दल केमलॉन आणि स्प्रेटेक या दोन कंपन्यांवर ठपका आला आणि त्यांनी गावालाच कोर्टात खेचलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. औषधांची नोंदणी केंद्राने केलेली, फवारणीचा परवाना प्रांताने दिलेला. मग मध्ये बोलणारं गाव कोण?

इथे मामा हमखास कंपनीच्या बाजूने उभे राहत. "ओटावात बसलेल्या तज्ज्ञांना कळत नाही आणि गावच्या पंचांना कळतं?" यावर मामींकडे त्यांच्याच घरचं उत्तर असे. ते टू-फोर-डी नावाचं तणनाशक रुंद पानाचं तण मारतं आणि गवताला सोडून देतं, म्हणून हिरवळवाल्यांचं लाडकं. विदर्भातही ते याच नावाने ओळखतात. कपाशीला ते मुळीच सोसत नाही. शेजारच्या रानात फवारलं आणि वारा फिरला, तर कपाशीची पानं आखडून वेडीवाकडी होतात. धाकट्या दिरांनी पत्रातून अशाच नुकसानीचं रडगाणं लिहिलं होतं. "वाऱ्याला धुरा कळतो का?" असं मामींनी विचारलं की मामा वर्तमानपत्र उघडत.

गाव खालच्या दोन्ही न्यायालयांत जिंकलं. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 जून 2001 रोजी तिथेही निकाल एकमताने गावाच्या बाजूने लागला. केंद्राने एखादं औषध विकायला परवानगी दिली म्हणून ते दारात मारलंच पाहिजे असं थोडंच आहे? तिन्ही पातळ्यांवरचे नियम एकाच वेळी पाळता येतात, तेव्हा विरोध नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती क्लेअर लरू-द्युबे यांचं. धोका पुरता सिद्ध होईपर्यंत थांबू नये, या सावधगिरीच्या तत्त्वाबद्दल लिहिताना त्यांनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दाखले दिले आहेत. त्यांतला एक 1996 चा, वेल्लोरच्या नागरिकांनी तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांविरुद्ध लढवलेल्या खटल्याचा. पालार नदीच्या काठचं ते भांडण कॅनडातल्या शोभेच्या गवताच्या कामी आलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मामांना सांगितलं तेव्हा ते प्रथमच या विषयावर खूश झाले. न्यायनिवाडाही आपण निर्यात करतो म्हणायचा!

यवतमाळचा विषय मात्र त्यांनीच काढला. 2017 मध्ये तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. राज्य सरकारने पाच कीटकनाशकांची विक्री थांबवली, ती तात्पुरती. 1968 च्या कीटकनाशक कायद्यात राज्याला साठ दिवस मनाई करता येते, फार तर आणखी तीस. कायमची बंदी केंद्राच्या हाती. "हडसनला जे जमलं ते आपल्या अख्ख्या राज्याला जमत नाही," मामा म्हणाले. कंपनीची बाजू त्या दिवशी त्यांनी घेतली नाही.

मामा-मामी त्याच्या बऱ्याच आधी ऑन्टॅरिओत, मिसिसागाला राहायला गेले होते. क्यूबेकने 2003 मध्ये प्रांतभर नियम केले. ऑन्टॅरिओतली शोभेच्या फवारणीवरची बंदी एप्रिल 2009 मध्ये अमलात आली. मामींनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. मामांनी कायदा बारकाईने वाचला आणि त्यातलं एक कलम शोधून काढलं : या विषयावरचे गावोगावचे उपविधी यापुढे निष्प्रभ. उद्या प्रांताने बंदी सैल केली, तर तिथलं एखादं हडसन काय करणार? सीमेपलीकडे अमेरिकेत तेच उलट्या बाजूने घडलं होतं. जून 1991 मध्ये विस्कॉन्सिनच्या केसी या खेड्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावांचा अधिकार मान्य केला. मग बहुतेक राज्यांनी कायदे करून तो काढून घेतला.

मामींनी हे सगळं ऐकून घेतलं, आणि तणं उपटायचं लांब दांड्याचं अवजार मामांच्या हातात दिलं.