फेक कसबाची, राखण कष्टाची?

भाईंदरहून लोकल धरा नि मुंबई सेंट्रलला उतरा. नागपाडा तिथून जवळच. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी तिथे नेबरहुड हाऊस काढले. पुढे हाच मोहल्ला बास्केटबॉलसाठी गाजला.

या खेळात राखण म्हणजे नुसते कष्ट, असे आपण म्हणतो. गुडघे वाकवून सारखे सरकायचे ना! पण नजर चेंडूवर नव्हे, गड्याच्या कमरेवर ठेवायची, हे हुतुतू खेळणाऱ्यांना काय सांगावे? ते कसबच.

मोकळ्या फेकीचे निराळे. पंधरा फुटांवर रेघ, दहा फूट उंच कडे, आडवे कोणी नाही. अमेरिकेतील कॉलेजांत १९२४ च्या सुमारापर्यंत एखादा नेमबाजच साऱ्या संघाच्या फेका टाकी. मग नियम आला : ज्याला धक्का, त्यानेच फेकायचे. झाले, कसब सगळ्यांच्याच गळ्यात आले!

विल्ट चेंबरलेन हा धिप्पाड गडी एरवी जेमतेम निम्म्या फेका साधी. २ मार्च १९६२ रोजी मात्र दोन्ही हातांनी खालून फेकत त्याने ३२ पैकी २८ साधल्या. एकूण गुण शंभर! पुढे ती रीत त्याने सोडली. का? तर ती बायकी दिसते म्हणून! मास्तर, तुमच्या मुलांना खालून फेकून पाहू द्या. कोणी हसलेच, तर त्याला आधी रेघेवर उभा करा.