वेड्यांच्या इस्पितळात परिचारिका कधी आली?

आजच्या भागाची सुरुवात एका जुन्या आणि फारशा बऱ्या नसलेल्या विनोदापासून. महाराष्ट्रात कुणी विचित्र वागलं की "याला ठाण्याला पाठवा" किंवा "येरवड्याला न्या" असं म्हणतात. हाच विनोद दिल्लीकडे आग्र्याच्या नावाने होतो, पाटणा-कोलकात्याकडे रांचीच्या, हैदराबादेत एरागड्ड्याच्या आणि चेन्नईत किलपॉकच्या. तुम्ही राहता तिथलं नाव तुम्हाला ठाऊक असेलच. या विनोदात डॉक्टर असतो, विजेचा झटका असतो, उंच भिंत असते. परिचारिका कधीच नसते. मी आयुष्यभर नर्सिंग शिकवलं, त्यातली बरीच वर्षं मध्य प्रदेशात. त्यामुळे मला हे खटकतं. डॉक्टर राउंड घेऊन जातात, पण रात्री तीन वाजता जाग्या असलेल्या रुग्णाशेजारी कोण असतं?

इंग्रजांच्या काळात याचं उत्तर होतं: अटेंडंट. अंगापिंडाने मजबूत, शिक्षण बेताचं, कमरेला किल्ल्या. १९१२ सालच्या कायद्याचं नावच 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट'. १९२०च्या सुमारास 'ल्यूनॅटिक असायलम'चं 'मेंटल हॉस्पिटल' झालं. पाटी बदलली, किल्ल्या तशाच राहिल्या. अटेंडंटना मी सरसकट दोष देणार नाही, त्यांतले काही फार मायाळू होते. पण त्यांना कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. सांभाळणं म्हणजे राखण करणं, एवढंच काम त्यांना दिलेलं होतं.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. आरोग्यसेवेचा इतिहास वाचताना या अहवालाला वळसा घालून जाताच येत नाही. मानसिक आजारांसाठी इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे १ खाट होती आणि आपल्याकडे सुमारे ४०,००० लोकांमागे १, असा हिशेब समितीने मांडला. नुसत्या खाटा वाढवून भागणार नाही, माणसं शिकवायला हवीत, हेही तिने सांगितलं. त्यातूनच १९५४ साली बंगळुरात म्हैसूर सरकारच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ' उभी राहिली. पहिले संचालक डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी. पुढे १९७४ साली संस्था आणि रुग्णालय एक होऊन आजचं 'निमहान्स' झालं.

या संस्थेत मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्याबरोबर परिचारिकाही शिकणार होत्या. सामान्य नर्सिंग पूर्ण केलेल्यांसाठी 'डिप्लोमा इन सायकियाट्रिक नर्सिंग' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम १९५०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला. देशभरातून सरकारी नोकरीतल्या परिचारिका तिथे येऊ लागल्या.

पुढचा क्रम मात्र मजेशीर आहे. नर्सिंगची पदव्युत्तर पदवी दिल्लीच्या कॉलेज ऑफ नर्सिंगमध्ये, म्हणजे आजच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात, १९५९ साली सुरू झाली. १९७०च्या दशकात तिथे मानसोपचार परिचर्या हा विशेष विषय घेता येऊ लागला. पण जनरल नर्सिंगच्या साध्या डिप्लोमात हा विषय सक्तीचा व्हायला १९८०चं दशक उजाडलं. म्हणजे झाडाला शेंडा आधी फुटला आणि मुळं नंतर. देशभरच्या वॉर्डांत काम करणाऱ्या बहुसंख्य परिचारिकांनी मनोरुग्ण वॉर्ड पाहिलेला नव्हता, त्या काळात मोजक्या जणी त्यातल्या तज्ज्ञ होत होत्या. या मोजक्या जणी शिकवायला गेल्या, कारण शिकवणारं दुसरं कुणी नव्हतंच. ती वाट आजतागायत मोडलेली नाही: एम.एस्सी. झाली की कॉलेजात, वॉर्डात क्वचित.

आता या शिक्षणात असतं काय? औषधं, त्यांचे दुष्परिणाम, कायदा, विजेच्या उपचारापूर्वीची आणि नंतरची काळजी, हे सगळं आहेच. पण माझ्या मते त्याचा प्राण एका साध्या वहीत आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली एक पुस्तक लिहिलं. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, असं तिचं म्हणणं. त्यातून 'प्रोसेस रेकॉर्डिंग' ही पद्धत रुळली. विद्यार्थिनी रुग्णाशी बोलते आणि नंतर ते शब्दशः लिहून काढते. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्या क्षणी मला काय वाटलं, आणि माझ्या बोलण्याने संवाद पुढे गेला की तुटला. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" हे वाक्य बहुतेक प्रत्येक वहीत सापडतं. त्याखाली मी लाल पेनाने विचारायचे, "हे तुला कुणी सांगितलं?"

आपल्या देशात या वहीत आणखी एक अडचण असते. रुग्ण बोलतो माळवीत, वऱ्हाडीत, कन्नडमध्ये, आणि वही इंग्रजीत. "जीव लागत नाही", "डोक्यात किडे वळवळतात", "छातीत धस्स होतं" अशी तीन वेगळी दुखणी घेऊन बाई येते आणि वहीत तिन्हींच्या जागी 'अँक्झायटी' असा एकच शब्द उमटतो. मी मुलींना सांगायचे, आधी त्याच्या भाषेत लिहा, परीक्षेची भाषा खाली. काही परीक्षकांना ते पसंत नसायचं.

६ ऑगस्ट २००१. तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण जळून मेले. त्यानंतर तपासण्या झाल्या, समित्या झाल्या. केंद्र सरकारने पुढे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका या चौघांच्याही पदव्युत्तर जागा वाढवण्यासाठी निधी दिला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर थेट बंदी घातली.

याच कायद्यात 'मेंटल हेल्थ नर्स'ची व्याख्या आहे. सामान्य नर्सिंगचा डिप्लोमा किंवा पदवी, अथवा मानसोपचार नर्सिंगचा डिप्लोमा किंवा पदवी. यांतलं काहीही आणि परिषदेकडे नोंदणी असली की पुरे. मनुष्यबळ कमी आहे, म्हणून दार रुंद ठेवलं, हे मला समजतं. पण मग जिने वर्षभर किंवा दोन वर्षं ही वही लिहिली, तिच्यात आणि इतरांत कायद्याच्या लेखी फरक उरत नाही. बदलीच्या यादीत तर नाहीच नाही.

माझी एक विद्यार्थिनी सरकारी रजेवर डिप्लोमा करून परतली आणि तिची नेमणूक प्रसूती वॉर्डात झाली. तिथे एका बाळंतिणीला तीन रात्री झोप नव्हती. घरचे म्हणत होते, थकली असेल. हिने शेजारी बसून तिचं बोलणं ऐकलं. चौथ्या दिवशी ती बाई हळूच म्हणाली, "हे माझं बाळ नाही, बदललंय." त्याच दुपारी हिने मनोविकारतज्ज्ञांना बोलावून घेतलं, बाळाला क्षणभरही तिच्याजवळ एकटं राहू दिलं नाही आणि सासूला समजेल अशा शब्दांत हा आजार काय असतो ते सांगितलं. दीड महिन्याने ती बाई बाळाला अंगावर पाजत तपासणीला आली. विद्यार्थिनीने मला फोन करून हे सगळं सांगितलं, आणि शेवटी हसत म्हणाली, "मॅडम, पुढच्या महिन्यात माझी बदली आहे. नेत्र विभागात."