सुई बदला, तबकडी वाचवा



वाशीम, कारंजा, रिसोडकडे एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर चावीचा फोनो सापडला, तर त्यातले काय बदलायचे आणि काय जपायचे? याचे उत्तर त्या यंत्राच्या इतिहासातच आहे.

हिंदुस्थानात गाणे तबकडीवर उतरू लागले ते १९०२ साली, कलकत्त्याला. तेव्हा तबकड्या छापून येत त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. तबकडीचा मुख्य माल म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडा करतो तीच. आपल्याकडे पळस कुणाला नवा आहे?

त्या लाखेत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळीत. ती पोलादी सुईचे टोक घासून खाचेच्या मापाचे करी. झिजायचे ते सुईने, अशी मूळ योजनाच होती. म्हणून एक बाजू वाजली की सुई टाकायची. पण काटकसर म्हणून तीच सुई पुन्हा पुन्हा लावली, की तिची धार खाच कोरते आणि गाण्याच्या जागी नुसती खरखर उरते. सुई वाचते, गाणे जाते.

हे नुकसान केवढे, पाहा. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचे गाणे तबकडीवर राहिले नाही. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे आवाज मात्र तबकड्यांमुळे आजही कानी पडतात. १९७०च्या सुमारास लाखेच्या तबकड्यांचा जमाना संपला. सुया आजही मिळतात. फुटली-झिजली ती तबकडी गेलीच.

बाकीच्या भागांचेही तसेच. सुईवरच्या डबीत अभ्रकाचा पातळ पडदा असतो. त्याभोवतीचे रबर वाळून कडक झाले की आवाज घरघरतो. रबर नवे घाला, अभ्रक शाबूत असेल तर तोच ठेवा. स्प्रिंगचे वंगण घट्ट झाले, तर चाक धक्के देते. पण चावीचा ताण पुरता उतरल्यावाचून स्प्रिंगचा डबा उघडू नका. ती सुटली तर हात फाडील. काढलेला जुना भाग पुडीत बांधून ठेवा, नवा करताना माप त्याचेच लागते.

गुरुजी, तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवा आणि मुलांना मिनिटभर फेरे मोजू द्या. अठ्ठ्याहत्तर भरले, तर गवयाचा सूर जागेवर आहे. कमी भरले तर आवाज जाड होतो, जास्त भरले तर बारीक. मग वेगाचा खिळा थोडा फिरवायचा आणि पुन्हा मोजायचे.