फोर्ड 8एनच्या पुढचा पंप

अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या गोठ्यामागे फोर्ड 8एन ट्रॅक्टर सापडतो, तेव्हा पुष्कळदा तो मूळ रूपात नसतो. दोन्ही अंगांनी लोखंडी चौकट आवळलेली असते, पुढे बकेट लोंबत असते आणि रेडिएटरच्या जाळीसमोर एक पंप बसवलेला असतो. ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला तसा दिसावा म्हणून झटणारा हौशी माणूस आधी हे सगळं उतरवायला घेतो. त्याच्या लेखी तो नंतर चिकटलेला कचरा असतो. तसं म्हणणं अन्यायाचं आहे. चौकट आणि बकेट मिळून झालेला हा लोडर आणि हा पंप तिथे का आले याचं उत्तर शोधत गेलं, की वाट ट्रॅक्टरच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या खटल्यापर्यंत जाते.

हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडच्या काउंटी डाउनमधला शेतकऱ्याचा मुलगा. 1909 च्या अखेरच्या दिवशी त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवलं. पुढे ट्रॅक्टरमागे साखळीने ओढल्या जाणाऱ्या नांगराने तो अस्वस्थ झाला. नांगर खडकात अडकला की तसा ट्रॅक्टर पुढून उचलला जाई, कधी उलटून चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि तो उचलायचं काम हायड्रोलिक तेलावर सोपवलं. नांगर खोल रुतून ओढ वाढली, की वरचा दांडा पुढे दाबला जातो, पंपाची झडप उघडते आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. नांगराचा भार मागच्या चाकांवर पडत असल्याने हलका ट्रॅक्टरही जमीन पकडून चालतो. आज महाराष्ट्रातल्या शेतात रोटाव्हेटर ज्या तीन दांड्यांवर लटकतो, ती हीच रचना.

ऑक्टोबर 1938 मध्ये डिअरबॉर्नला फर्ग्युसनने हेन्री फोर्डला ही जोडणी दाखवली. दोघांनी हात मिळवले; लेखी करार केलाच नाही. 1939 च्या जूनमध्ये 9एन ट्रॅक्टर बाजारात आला. हेन्री फोर्डच्या नातवाने कंपनीची सूत्रं हाती घेतल्यावर मात्र भागीदारी मोडली. 1947 मध्ये 8एन आला तो फर्ग्युसनला वगळून, पण त्याचीच हायड्रोलिक रचना घेऊन. जानेवारी 1948 मध्ये फर्ग्युसनने 25 कोटी 10 लाख डॉलरचा दावा ठोकला. एप्रिल 1952 मध्ये 92 लाख 50 हजार डॉलरवर तडजोड झाली. भरपाईपेक्षा एक अट इथे महत्त्वाची: ज्या पंपाची झडप तेल ओढण्याच्या बाजूला असते, तो पंप फोर्डने 1952 अखेर बनवायचं थांबवायचं.

हा पंप 8एनच्या पोटात, मागच्या पेटीत बसलेला आहे. तो फिरतो पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजारापर्यंत नेणाऱ्या दांड्यावर, आणि 8एनचा पीटीओ क्लच दाबला की थांबतो. नांगरणीला त्याने काही बिघडत नाही. शेवटच्या टोकाला नांगर उचलला, वळलं, पुन्हा खाली सोडला, एवढंच काम.

पण युद्धानंतर अमेरिकेतल्या शेतकऱ्याला नांगरणीपलीकडचं खूप काही हवं होतं. शेतावरची माणसं सैन्यात आणि कारखान्यांत गेली होती, त्यातली बरीच परतली नाहीत. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या शेतांवर ट्रॅक्टरांची संख्या घोडे आणि खेचरांच्या पुढे गेली. नांगरणी यंत्राने सुटली, तरी गोठ्यातलं शेण, बर्फ, खडी आणि माती अजून माणूसच फावड्याने उपसत होता. हिवाळाभर गोठ्यात साचलेला खताचा थर उपसणं हे वर्षातलं सगळ्यात कंबरतोड काम. म्हणून लोक ट्रॅक्टरला पुढून बकेट लावू लागले. आधीचे काही लोडर तारेच्या दोरावर उचलत. मग हायड्रोलिक आले. सुरुवातीच्या बहुतेकांत तेल फक्त भुजा उचलायला लागे. खाली त्या स्वतःच्या वजनाने येत, आणि बकेट रिकामी करायला चालक दोरी ओढून खिट्टी सोडवी.

आता अडचण बघा. लोडरचं काम म्हणजे पुढे जा, मागे ये, गिअर बदल. दर खेपेला क्लच दाबायचा, आणि क्लच दाबला की पोटातला पंप बंद, भुजा जागच्या जागी थांबणार. म्हणून लोडर बनवणाऱ्यांनी वेगळा पंप थेट इंजिनाच्या क्रँकशाफ्टला जोडला. रेडिएटरखालून दांडा पुढे काढला आणि त्याच्या टोकाला पंप लावला. इंजिन चालू असेतो तेल मिळत राहिलं. कारखान्याने ठेवलेली उणीव शेतावर भरून निघाली ती अशी. पुढचा पंप ही या ट्रॅक्टरवरची सर्वांत हुशार भर आहे, असंच म्हणावं लागेल.

किंमत मात्र ट्रॅक्टरने मोजली. सगळा भार मागे झेलायला घडवलेल्या या सुमारे 1100 किलोच्या यंत्राच्या नाकावर ओल्या खताची बकेट टांगली गेली. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. पुढच्या अॅक्सलची पिन, चाकांच्या बुशी, स्टिअरिंगचे दाते झिजले. तोल साधायला मागे काँक्रीटचा ठोकळा लटकवायचा किंवा मागच्या टायरांत कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायचं. ते पाणी गळलं की रिमला गंज. 1950 पूर्वीच्या 8एनमध्ये डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढच्या तोंडावर, पंख्यामागे असे. तिथे मुळातच हात नीट पोचत नसे. पुढे पंपाचा दांडा आणि चौकट आल्यावर पॉइंट बदलणं हीसुद्धा कसरत झाली.

ही सगळी कहाणी लोडर उतरवताना उलट्या क्रमाने समोर येते. आधी बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर दोन्हीकडे हलवून तेलाचा दाब सोडायचा. दाबाखालचं तेल बारीक धारेने कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. मग चौकटीला खालून भक्कम टेकू. आजच्या लोडरसारखी चटकन सुटणारी जोडणी इथे नाही. मागच्या अॅक्सलच्या पेटीवर आवळलेले बोल्ट सत्तर वर्षांच्या गंजाने धरलेले असतात, आणि चौकटीचं वजन चेन-ब्लॉकशिवाय आवरत नाही.

लोडर काढून पंप तसाच सोडला, तर घोटाळा होतो. तो इंजिनाबरोबर फिरतच राहतो. तेल नसेल तर कोरडा फिरून जाम होतो. तेल असून बाहेर पडायची वाट बंद केली आणि मध्ये दाब सोडणारी झडप नसली, तर काहीतरी फुटतंच. म्हणून पंप, दांडा आणि पुलीवरचं कपलिंग एकत्रच निघालं पाहिजे. आतला पंप लिफ्टसाठी शाबूत असतो, त्यामुळे ट्रॅक्टरचं नांगरणीचं काम अडत नाही.

1953 मध्ये फोर्डने नवा एनएए आणला. कंपनीच्या पन्नाशीमुळे त्याला ज्युबिली म्हणतात. त्याचा हायड्रोलिक पंप इंजिनावरच चालतो. क्लच दाबला तरी थांबत नाही. खटल्याच्या अटीमुळे जुना पंप सोडावा लागला हे खरं, पण शेतकऱ्यांनी काही वर्षं नाकासमोर पंप बसवून जे मागितलं होतं, ते आता कारखान्यातूनच मिळू लागलं. त्याच साली इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्डने फोर्डसन मेजर ट्रॅक्टरवर पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात अशी जोडी बसवली. पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेल्या आजच्या पिवळ्या यंत्रांचा मूळपुरुष तोच.

8एन पाच लाखांहून अधिक बनले, त्यामुळे मूळ रूपातला ट्रॅक्टर दुर्मीळ नाही. त्या काळातला धड पंप, कपलिंग आणि दोरीची बकेट मात्र भंगारात वेगाने संपते आहे. ट्रॅक्टर मूळ रूपात आणायचा असेल तर जरूर आणावा. पण उतरवण्याआधी जोडणीचे फोटो काढा, पंपाची तोंडं बुचं मारून बंद करा, बोल्ट चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवा आणि चौकट छपराखाली उभी करा. आपल्याकडे कुणाच्या वाड्यात जुन्या ट्रॅक्टरला गावच्या लोहाराने जोडलेलं असं काही असेल, तर तेही तोलून विकू नका.