कडू कशामुळे? पेल एलच्या परीक्षेची गोष्ट

इ.स. १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये एक बातमी पसरली. फ्रान्समध्ये तयार होणारे स्ट्रिक्नीन मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला रवाना होते आणि तिथे ते कडू बिअरमध्ये मिसळले जाते, असे पॅरिसच्या एका रसायनशास्त्रज्ञाने व्याख्यानात सांगितले, असा तिचा मथितार्थ होता. स्ट्रिक्नीन हे जहाल विष. आणि ‘कडू बिअर’ म्हणजे मुख्यतः बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावात बनणारी, फिकट सोनेरी रंगाची ‘पेल एल’. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली आणि बर्टनच्या कारखानदारांचे धाबे दणाणले.

या आरोपात एक गोम होती. पेल एल खरोखरच कडू असते आणि स्ट्रिक्नीनही कडू असते. एखाद्याने शंका फेडण्यासाठी घोट घेतला असता, तर ‘कडू लागते आहे खरी’ असे म्हणून तो अधिकच घाबरला असता. ज्या चवीसाठी लोक ही बिअर घेत, तीच आता तिच्याविरुद्ध साक्षीला उभी होती.

शिक्षकांच्या मासिकात बिअर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. प्रयोगाची मांडणी कशी असावी हे समजावून सांगायला इतके चांगले उदाहरण मला चटकन दुसरे सापडत नाही, एवढेच त्यावर उत्तर.

प्रथम पेल एलमधला कडूपणा कुठून येतो ते पाहू. सातूला मोड आणायचे, ते वाळवून हलकेच भाजायचे, म्हणजे माल्ट तयार होते. लाकडाच्या धुरकट जाळाऐवजी कोकच्या आचेवर माल्ट भाजता येऊ लागले तेव्हा ते फिकट ठेवणे सोपे झाले, आणि फिकट माल्टची बिअरही फिकट झाली. माल्टचा गोड अर्क हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडून किण्वन होऊ द्यायचे. हॉप्स हा एका वेलीचा मादी फुलोरा. ही वेल आपल्या भांगेच्या कुळातली. फुलोऱ्यात राळेसारखा पिवळा पदार्थ असतो. त्यातील ‘अल्फा आम्ले’ पाण्यात फारशी विरघळत नाहीत. पण तासभर उकळले की त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि ‘आयसो-अल्फा आम्ले’ तयार होतात. ती विरघळतातही आणि चांगली कडूही असतात. शिवाय बिअर आंबट करणाऱ्या जीवाणूंची वाढ ती रोखतात. म्हणजे कडूपणा आणि टिकाऊपणा एकाच रेणूकडून मिळतो.

पेल एलचा आपल्या देशाशी संबंध येतो तो इथे. लंडनच्या पूर्वेला बो येथे हॉजसन यांचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे नांगर टाकत, तिथून तो जवळ. या कारखान्याची भरपूर हॉप्स घातलेली फिकी बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पिंपांतून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला येऊ लागली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून येणारा हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा असे. हिंदुस्थानसाठी हॉजसनने मुद्दाम नवी बिअर शोधून काढली, अशी कथा नेहमी सांगतात. ती मला पटत नाही, कारण गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टर बिअरही याच जहाजांतून येत होती आणि तीही टिकत होती. १८२० च्या दशकात बर्टनचे ऑलसॉप आणि बास हे कारखानदार या व्यापारात उतरले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर असते. त्यामुळे तिथल्या बिअरमध्ये हॉप्सचा कडूपणा अधिक स्वच्छ उठून दिसे. पुढे ही ‘इंडिया’ बिअर खुद्द इंग्लंडमध्येही लोकप्रिय झाली आणि १८५२ च्या आरोपाचे लक्ष्य ठरली.

योगायोग असा की आरोपी विषाचेही मूळ आपल्याच ओळखीचे. कोकणात काजरा नावाचा वृक्ष सर्वांना माहीत आहे. त्याच्या चपट्या, बटणासारख्या बियांना आयुर्वेदात कुचला म्हणतात. त्यांत स्ट्रिक्नीन असते. पेल्त्ये आणि काव्हाँतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८१८ साली ते याच कुळातल्या दुसऱ्या एका झाडाच्या बियांतून प्रथम वेगळे केले.

ऑलसॉप यांनी तपासणीसाठी दोन शास्त्रज्ञांना पाचारण केले. एक टॉमस ग्रॅहॅम, वायूंच्या विसरणाच्या नियमाचे. दुसरे ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन. पाण्याच्या विद्युत-अपघटनाचे जे उपकरण आपण प्रयोगशाळेत वापरतो, त्याला पुढे यांचेच नाव मिळाले. दोघे कामाला लागले तेव्हा त्यांनी सुरुवात परीक्षानळीपासून न करता अंकगणितापासून केली, आणि मला त्यांच्या अहवालातला हा भाग सर्वांत आवडतो.

पेल एलइतका कडूपणा आणायचा तर गॅलनला निदान एक ग्रेन स्ट्रिक्नीन लागेल, असे त्यांनी धरले. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. बर्टनमध्ये वर्षाला कडू बिअरची सुमारे दोन लाख पिंपे भरत. एका पिंपात ३६ गॅलन, म्हणजे ७२ लाख गॅलन बिअर, आणि तेवढेच ग्रेन विष. आजच्या मापात हे ४६० किलोग्रॅमच्या वर जाते. त्यांच्या मापात साडेसोळा हजार औंसांच्या घरात. साऱ्या जगात मिळूनही वर्षाला हजार औंस स्ट्रिक्नीन तयार होत नसावे, असा त्यांचा अंदाज होता. शिवाय या हिशेबाने अर्ध्या गॅलनमध्ये अर्धा ग्रेन विष येते. अर्धा ग्रेन माणसाला मारू शकतो, आणि दिवसाला अर्धा गॅलन, म्हणजे चार पाइंट, बिअर पिणाऱ्यांची इंग्लंडात वाण नव्हती. इतकी वर्षे ते जिवंत कसे राहिले?

चवीचा मुद्दाही त्यांनी सोडला नाही. हॉप्सचा कडूपणा लवकर ओसरतो, स्ट्रिक्नीनचा जिभेवर रेंगाळतो, हा फरक त्यांनी मांडला. पण न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत जिभेची साक्ष कितपत टिकणार? म्हणून मग रसायन.

स्ट्रिक्नीन ओळखण्याची रंगपरीक्षा तेव्हा ठाऊक होती. शुद्ध स्ट्रिक्नीनच्या कणावर सल्फ्युरिक आम्लाचा थेंब टाकून त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचा कण फिरवला की सुंदर जांभळा रंग उमटतो. अडचण एवढीच की बिअरमध्ये साखर, प्रथिने, राळ असे शेकडो पदार्थ असतात आणि त्यांच्या गर्दीत हा रंग दिसत नाही. विष आधी वेगळे काढले पाहिजे. दोघांनी प्राणिज कोळशाचा उपयोग केला. हाडे जाळून केलेल्या या कोळशाच्या पृष्ठभागावर अनेक सेंद्रिय पदार्थ चिकटून बसतात. यालाच आपण अधिशोषण म्हणतो. त्यांनी अर्धा गॅलन बिअर कोळशाबरोबर हलवून रात्रभर ठेवली. सकाळी बिअरचा कडूपणा जवळजवळ गेलेला होता. तो कोळशाकडे गेला होता. कोळसा गाळून, धुऊन अल्कोहोलमध्ये उकळला, अल्कोहोल उडवून दिले, उरलेल्या द्रवात पोटॅश घालून तो ईथरबरोबर घुसळला. ईथर उडून गेल्यावर जे उरले त्यावर रंगपरीक्षा.

आता महत्त्वाची गोष्ट. ही सगळी खटपट त्यांनी आधी अशा बिअरवर केली, जिच्यात त्यांनी स्वतःच्या हाताने अर्धा ग्रेन स्ट्रिक्नीन घातले होते. जांभळा रंग आला. मगच लंडनमधल्या बाटल्या भरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या साठ्यांतून सरसकट उचललेल्या ऑलसॉपच्या बिअरला तीच परीक्षा लावली. रंग आला नाही. पहिली पायरी गाळली असती तर दुसरीला काडीचा अर्थ राहिला नसता. ‘सापडले नाही’ आणि ‘सापडण्याची सोयच नव्हती’ यांत फरक करायचा तर आधी परीक्षेचीच परीक्षा घ्यावी लागते. क्षार-परीक्षणात ही पायरी आपण वेळेअभावी उडवून टाकतो.

तपासणीचा खर्च कारखानदाराने केला, हे विसरून चालणार नाही. त्याच सुमारास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकासाठी आर्थर हिल हॅसल यांनी स्वतंत्रपणे बर्टनच्या बिअरची तपासणी केली आणि तीही निर्दोष ठरली, म्हणून या निकालावर विश्वास ठेवायला जागा आहे. जर्मनीहून युस्टुस लीबिग यांनीही अनुकूल पत्र धाडले. ऑलसॉप यांनी ते जाहिरातीत झळकवले. शास्त्रज्ञांच्या नावावर माल खपवण्याची कला आजची नाही!

ग्रॅहॅम-हॉफमन यांनी स्ट्रिक्नीन नाही एवढे सिद्ध केले. बिअर चांगली आहे का, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि त्याचे उत्तर कोळशात सापडतही नाही. आज कडूपणा मोजता येतो. बिअरचा नमुना आम्लयुक्त करून आयसो-ऑक्टेन या द्रवाबरोबर हलवतात, २७५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण तो द्रव किती शोषतो ते पाहतात आणि आलेल्या आकड्याला ५० ने गुणतात. मिळते ते ‘कडूपणाचे एकक’. एक एकक म्हणजे ढोबळमानाने लिटरला एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. अमेरिकन पद्धतीची पेल एल ३० ते ५० एककांची असावी असा संकेत आहे. पण ४० एककांच्या दोन बिअर पुढे ठेवल्या तर माल्टचा गोडवा जिच्यात जास्त, ती जिभेला कमी कडू लागते. आकडा एक, चवी दोन.

म्हणून परीक्षक अजून लागतो. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा या छोट्या कारखान्याने कॅस्केड जातीचे, पपनसासारख्या वासाचे हॉप्स वापरून पेल एल बाजारात आणली. मनासारखी एकसारखी चव येईपर्यंत आधीचे अनेक घाणे त्यांनी ओतून दिले होते. तिच्यामागून असे शेकडो छोटे कारखाने निघाले. त्यांच्या मालाला ‘क्राफ्ट’ म्हणतात. १९८५ पासून अमेरिकेत बिअरच्या परीक्षकांना रीतसर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. त्यांच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर परिणामाला १०. वास प्रथम नोंदवायचा, कारण तो लवकर उडतो आणि नाकही लवकर सरावते. लोण्याचा वास आला तर डायअसेटिल राहिले, यीस्टला पुरेसा वेळ मिळाला नाही. हिरव्या सफरचंदाचा आला तर असेटाल्डिहाइड. प्रकाश लागलेल्या बिअरमध्ये आयसो-अल्फा आम्ले फुटून असे एक गंधकयुक्त संयुग बनते की त्याचा लिटरमधला काही नॅनोग्रॅमचा अंशही नाकाला खुपतो. तपकिरी बाटली यासाठीच.

आणि जीभ? जिभेच्या शेंड्याला गोड, मुळाशी कडू असा नकाशा पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे छापला गेला. तो चुकीचा आहे. सर्व चवी जिभेच्या सर्व चवकलिकांच्या भागांत कळतात. कडू चवीसाठी आपल्याकडे सुमारे २५ प्रकारचे ग्राही रेणू आहेत. आयसो-अल्फा आम्ले त्यांतल्या १, १४ आणि ४० या क्रमांकांच्या ग्राहींना चेतवतात, स्ट्रिक्नीन १० आणि ४६ क्रमांकांच्या. कुलपे निराळी, पण एकाच पेशीत अनेक कुलपे असतात आणि कोणतेही उघडले तरी मेंदूकडे ‘कडू’ एवढाच निरोप जातो. १८५२ च्या घबराटीचे मूळ शेवटी इथे सापडते.

असा साक्षीदार कितपत विश्वासार्ह आहे, हे तपासायची युक्ती १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात रूढ झाली. (सामू ऊर्फ पीएच ही कल्पनाही तिथल्याच प्रयोगशाळेतली, १९०९ सालची.) परीक्षकापुढे तीन पेले ठेवायचे. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. प्रश्न एकच: वेगळा पेला कोणता? याला त्रिकोण-चाचणी म्हणतात. ‘कोणती चांगली’ असे विचारायचे नाही. ज्याला फरकच कळत नाही त्याच्या आवडीला महत्त्व काय? नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येईल. मग १२ जणांपैकी किती जणांनी बरोबर ओळखले म्हणजे फरक खरा मानायचा? सात किंवा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची संभाव्यता ६.६ टक्के निघते, आठ किंवा अधिक येण्याची १.९ टक्के. पाच टक्क्यांची मर्यादा पाळायची तर आठ हवेत.

अकरावी-बारावीच्या वर्गात हीच चाचणी लिंबाच्या सरबतावर करता येते. एका भांड्यात लिटरला ८० ग्रॅम साखर घाला, दुसऱ्यात ९०. बारा विद्यार्थी, प्रत्येकाला तीन पेले. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि पेल्यांवर क, ख, ग न लिहिता तीन-तीन आकडी संख्या लिहा, म्हणजे ‘क’ पहिला म्हणून चांगला असे मनात येणार नाही. पेले वाटणाऱ्यालाही कोणत्या पेल्यात काय आहे ते ठाऊक नसावे. दोन पेल्यांमध्ये साध्या पाण्याची चूळ भरू द्या. निकाल लागण्यापूर्वी प्रत्येकाकडून ‘मला खात्री आहे’ की ‘अंदाज आहे’ हेही लिहून घ्या. खात्री असलेल्यांपैकी किती जण चुकले, त्याचा तक्ता फळ्यावर मांडा आणि मग साखरेतला फरक वाढवून चाचणी पुन्हा घ्या.